टोलनाक्यावरची हजेरी



२०२५च्या १ जानेवारीला आम्ही अकरा पोरं सोलापुरातनं भीमा कोरेगावला गेलो. गाडी भाड्याची. ड्रायव्हर आपल्याच वस्तीतला. मालक मात्र गावात वजन असलेला. त्याला ड्रायव्हरनं 'पुण्याचं भाडं आहे' एवढंच सांगितलेलं. आम्ही स्तंभाला मानवंदना दिली आणि रात्री परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी मालकानं ड्रायव्हरपुढं मोबाईल धरला. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस. जाताना चार मेसेज, येताना चार. प्रत्येकावर वेळ. "एक तारखेला पुण्याला कशाला जातात, मला कळत नाही व्हय रं?" एवढंच बोलला आणि किल्ली काढून घेतली.

त्या मेसेजात कोरेगाव कुठंच नव्हतं. आमची नावं नव्हती. जात तर नव्हतीच. होता फक्त नाका, तारीख आणि वेळ. पण तारीख रस्त्याला जोडली की माणूस कळतो. आणि ह्या देशात माणूस कळला की त्याची जात कळायला वेळ लागत नाही.

फास्टॅग म्हणजे काचेवरची एक चिठ्ठी. नाक्यावरचं यंत्र तिचा नंबर वाचतं, बँक पैसे कापते. १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर ती सक्तीची झाली. नसेल तर दुप्पट टोल. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयनं भरणाऱ्याला सव्वापट केला, रोख देणाऱ्याला दुप्पटच ठेवला. म्हणजे नोंद मागं न ठेवता रस्त्यानं जायचं असेल तर दंड भरा! रांगा कमी झाल्या, कबूल. मला रांगेचं प्रेम नाही. माझा सवाल एवढाच : पैसे कापून झाल्यावर ती नोंद कुणाला आणि कशाला पाहिजे?

सोलापूरच्या माणसाला हा सवाल नवा नाही. आपल्या शहरात सेटलमेंट होती. इंग्रजानं १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. कैकाडी, पारधी अशी माणसं इथं तारांच्या कुंपणात कोंडली आणि गिरण्यांत राबवली. रोज हजेरी. बाहेर पाय टाकायचा तर पास. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. लगेच १९५९ला मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. वही बदलली, हजेरी राहिली.

आणि गावात? वेशीवर वेसकर म्हणून महाराला उभं केलं. कोण आलं, कोण गेलं, पाटलाला कळव. पाळत आपल्याकडूनच ठेवून घेतली आणि संशयही आपल्यावरच ठेवला. ही वतनाची गुलामी तोडायला बाबासाहेबांनी १९२८ला मुंबई कौन्सिलात बिल मांडलं. आता वेशीवर यंत्र उभं आहे. पाटील कोण, ते मात्र दिसत नाही.

शहाणी माणसं म्हणतात, चोरी केली नाही तर भिता कशाला? अहो, सेटलमेंटमधल्या पोरानं जन्माला येण्याशिवाय काय केलं होतं?

नोंदी जमल्या की त्या विकल्याही जातात. केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्यानं गाड्यांच्या आणि लायसनच्या नोंदी कंपन्यांना दिल्या. त्यातनं ६५ कोटी मिळाले, हे सरकारनंच २०१९ला संसदेत सांगितलं. २०२०ला ते धोरण गुंडाळलं. पण विकलेली माहिती परत येते थोडीच? तिकडं हाँगकाँगात बस-रेल्वेच्या ऑक्टोपस कार्डवाल्या कंपनीनं जवळजवळ वीस लाख ग्राहकांची माहिती विकल्याचं २०१०ला उघड झालं. त्याच शहरात २०१९ला मोर्चाला जाणारी पोरं स्टेशनात रांग लावून रोखीनं तिकिटं काढत होती. कार्ड वापरलं तर मोर्चाची हजेरी लागेल, हे त्यांनी ओळखलं होतं. उद्या आपल्या बसला, मेट्रोला सगळीकडं कार्डच आलं, तर आपण काय करणार?

२४ ऑगस्ट २०१७ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मग २०२३चा डेटा संरक्षणाचा कायदा आला. त्यात सरकार आपल्याच यंत्रणांना सूट देऊ शकतं. वर त्याच कायद्यानं माहिती अधिकाराला कात्री लावली. साहेबाचं झाकलेलं राहील, आमचं उघडं!

खाजगीपणा हा बंगलेवाल्यांचा चोचला आहे असं आपल्यातलेच काहीजण म्हणतात. चूक! बंगलेवाल्याला कंपाउंड आहे. आपल्याला कायद्याशिवाय आडोसा नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पैसे जमा झाले, तक्रारीची मुदत संपली, की नोंद पुसा. ती दुसऱ्या कामाला वापरू नका, विकू नका. पोलिसांना पाहिजे तर कोर्टाचा हुकूम आणावा. आणि रोख देणाऱ्याला दंड लावणं बंद करा.

तो ड्रायव्हर आज दुसऱ्याची रिक्षा चालवतो. भेटला की हसतो, पण त्या दिवसाबद्दल बोलत नाही. त्याची रोजी आमच्या मानवंदनेपायी गेली, हे मी इथं लिहून ठेवतो. त्यांच्याकडं आमच्या आठ नोंदी आहेत. आपल्याकडं त्यांची ही एक असू द्या.

जयभीम!