तिजोरीतलं राजा-राणीचं पदक



चांदीचे भाव चढले की घरोघरी जुनी चांदी बाहेर निघते. आमच्या लासुर्ण्यातही तेच. मोडके पैंजण, चेपलेली फुलपात्रं आणि त्यातच एखादं इंग्रज राजाचं पदक. सराफ ते काट्यावर टाकतो आणि वजनाचा भाव सांगतो. माझं मत विचाराल तर घरचं पदक मोडीत घालू नका, आणि हौसेपोटी दुसऱ्यांची पदकं विकत घेऊन साठवूही नका.

माझ्या सासरी १९३५ चं पदक आहे. ६ मे १९३५ ला पंचम जॉर्जच्या कारकिर्दीला २५ वर्षं झाली, तेव्हाचं. एका बाजूला राजा आणि राणी मेरी, दुसऱ्या बाजूला त्या दोन तारखा. काही घरांत १९११ च्या दिल्ली दरबाराचं पदक असतं, त्यावर मागे फारसी अक्षरं आहेत. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा त्याच दरबारात झाली.

लढाईच्या पदकांच्या कडेवर सहसा शिपायाचं नाव कोरलेलं असतं. ही दोन्ही पदकं मात्र नाव न कोरताच दिली गेली. ती कोणाची, हे घरच्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक. ती माणसं गेली की उरते नुसती चांदी. मी कॉमर्स शिकलेली, वहीत नोंद नसलेल्या मालाचं काय होतं ते जाणते. म्हणून सासूबाईंनी सांगितलेलं सगळं कागदावर लिहून डबीत ठेवलंय.

"गुलामीची खूण कशाला जपायची?" असं सून विचारते. प्रश्न रास्त आहे. पण आपण राजा जपत नाही, आपल्या घराचा त्या काळाशी आलेला संबंध जपतो. तो अभिमानाचा की लाजेचा, ते नातवंडं ठरवतील.

संग्रहाची गोष्ट वेगळी. दुसऱ्या घरांची, गोष्ट हरवलेली पदकं कपाटात मांडून ममत्वच वाढतं. पाचवं अणुव्रत परिग्रहाला मर्यादा घालायला सांगतं ते याचसाठी.

पदक चिंचेने किंवा राखेने घासू नका, चेहरे झिजतात. परदेशातल्या मुलाकडेही देऊन टाकू नका. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची पुरावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

आणि मुलं दोन, पदक एक असेल तर? ज्याला त्याची गोष्ट सांगता येते त्याला पदक द्या, दुसऱ्याला तेवढ्या वजनाची चांदी. हिशेब चोख राहतो.