बर्ड फ्लू : "चिकन खाऊ का?" याच्या आधी विचारायचा प्रश्न

बर्ड फ्लूची बातमी आली की दवाखान्यात एकच प्रश्न सुरू होतो, "डॉक्टर, चिकन खाऊ का?" उत्तर सोपे आहे. खा. आतपर्यंत नीट शिजवलेले चिकन आणि बलक घट्ट होईपर्यंत उकडलेले अंडे यांतून बर्ड फ्लू होत नाही. ७० अंश सेल्सिअसला हा विषाणू मरतो आणि आपला रस्सा त्याहून कितीतरी जास्त तापतो. एवढे उत्तर मिळाले की मंडळी निश्चिंत होतात आणि विषय तिथेच मिटतो.

पण ते चिकन तुमच्या ताटात येण्याआधी किती हातांतून जाते, याचा विचार केला आहे का? शेडमध्ये दाणा-पाणी करणारा आणि तूस बदलणारा कामगार, रात्री कोंबड्या पकडून गाडीत भरणारी पोरे, दुकानात कोंबडी कापून सोलणारा माणूस, परसात चार गावरान कोंबड्या पाळणारी आजी, आणि साथ आली की पक्षी नष्ट करायला पाठवले जाणारे पशुवैद्यकीय कर्मचारी. बर्ड फ्लूचा खरा धोका या लोकांना असतो. आपली सगळी चर्चा मात्र खाणाऱ्याभोवती फिरते. हे चुकीचे आहे, आणि ते आपल्या सर्वांनाच महागात पडू शकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

लागण नेमकी कशी होते?

विषाणूला आपल्या पेशीत शिरायला एक कुलूप उघडावे लागते. बर्ड फ्लूच्या विषाणूकडे असलेली किल्ली पक्ष्यांच्या कुलपाला बसते. माणसाच्या नाका-घशात वेगळ्या प्रकारची कुलपे जास्त असतात, म्हणून हा आजार माणसाला सहज होत नाही. पण पक्ष्यांसारखी कुलपे आपल्या शरीरात दोन ठिकाणी सापडतात : फुप्फुसात खोलवर आणि डोळ्यांच्या आवरणात. आता शेडमधले काम आठवा. सुकलेली विष्ठा आणि पिसांची धूळ हवेत उडत असते, ती खोल श्वासाबरोबर आत जाते. घाम पुसताना तोच हात डोळ्याला लागतो. आजारी कोंबडी हाताळणाऱ्याला न्यूमोनिया का होतो आणि काहींचे नुसतेच डोळे का येतात, याचे उत्तर यात आहे.

एच५एन१ या विषाणूची माणसांमधली पहिली नोंद १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये झाली. १८ जणांना लागण झाली, ६ दगावले. २००३ पासून २०२५ पर्यंत जगभरात सुमारे ९९० रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले जवळजवळ निम्मे मृत्यू पावले. आपल्या देशात कोंबड्यांमधली पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आली. तेव्हा माणसांत एकही रुग्ण सापडला नाही. १५ वर्षांनी, २०२१ मध्ये, नवापुरात तीच साथ पुन्हा आली. त्याच वर्षी हरियाणातल्या ११ वर्षांच्या मुलाचा दिल्लीत एच५एन१ने मृत्यू झाला. भारतातला तो पहिला मानवी मृत्यू.

मोजले जातात ते, आणि न मोजलेले

निम्मे रुग्ण दगावतात हा आकडा वाचून घाबरू नका, पण तो नीट समजून घ्या. जो रुग्णालयात पोहोचला आणि ज्याची तपासणी झाली, त्याचीच नोंद होते. साधा ताप येऊन बरे झालेले लोक या हिशेबात येतच नाहीत.

याचा पुरावा अमेरिकेतून मिळाला. मार्च २०२४ मध्ये तिथे दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ सापडला आणि नंतर गोठ्यांतल्या कामगारांना लागण होऊ लागली. बहुतेकांचे नुसते डोळे लाल झाले होते. त्याच वर्षी मिशिगन आणि कोलोरॅडो या राज्यांत बाधित गोठ्यांवरच्या ११५ कामगारांचे रक्त तपासले, तर ८ जणांना लागण होऊन गेल्याचे दिसले. त्यांतल्या चौघांना त्या काळात आपण आजारी होतो असे आठवतही नव्हते. आणि आठांपैकी एकानेही आजारी गाईंजवळ काम करताना श्वसनाचे संरक्षण करणारा मास्क वापरला नव्हता.

याचे दोन अर्थ निघतात. एक, आजार आकड्यावरून वाटतो तितका जीवघेणा कदाचित नसेल. दोन, आपल्याला दिसतात त्यापेक्षा जास्त माणसांच्या शरीरात हा विषाणू जाऊन येतो. यातला दुसरा अर्थ मला जास्त काळजीचा वाटतो. प्रत्येक लागण ही विषाणूला माणसाच्या कुलपाची किल्ली घडवायला मिळालेली एक संधी असते. आज तो माणसाकडून माणसाकडे सहज पसरत नाही. उद्या पसरू लागला, तर चिकन न खाणाराही सुटणार नाही.

"मास्क दिला होता, घातला नाही"

कामगार आजारी पडला की हे वाक्य हमखास ऐकू येते. जुलै २०२४ मध्ये कोलोरॅडोत बाधित कोंबड्या नष्ट करणाऱ्या कामगारांना लागण झाली. त्या शेडमध्ये तापमान ४० अंशांच्या वर होते आणि मोठमोठे पंखे पिसे उडवत होते. अशा उकाड्यात मास्क आणि गॉगल तोंडावर टिकत नव्हते. आता आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात पीपीई किट घालून दोन तास काम करण्याची कल्पना करा. दोष कोणाला देणार?

म्हणून नुसती साधने वाटून जबाबदारी संपत नाही. काम पहाटे किंवा सांजेला ठेवणे, दर थोड्या वेळाने माणसे बदलणे, पाणी आणि सावली, हात-तोंड धुवायला साबण, कामाचे कपडे तिथेच बदलायची सोय : हे सगळे मालकाने आणि मोहिमेच्या वेळी शासनाने पाहायचे आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हजेरी. सरकारने कोंबड्या नष्ट केल्या की कुक्कुटपालकाला त्याची भरपाई मिळते, आणि ती वेळेवर मिळायलाच हवी. नाहीतर मरतूक लपवण्याकडे कल होतो. पण रोजंदारीवरच्या माणसाला ताप आला, तर त्याला काय मिळते? घरी बसला की रोज बुडतो. मग तो गोळी घेऊन कामावर जातो आणि आम्हा डॉक्टरांना ताप अंगावर काढून चार दिवसांनी भेटतो. साथीच्या काळात आजारी कामगाराला पगारी रजा देणे ही मेहेरबानी नाही, तो साथ रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तुम्ही पक्ष्यांबरोबर काम करत असाल तर

१. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, किंवा परिसरात कावळे मरून पडू लागले, तर हात लावू नका, सोलू नका, नदी-नाल्यात फेकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा.

२. आजारी पक्षी हाताळणे टळत नसेल, तर हातमोजे, एन-९५ मास्क आणि डोळ्यांना गॉगल, तिन्ही वापरा. रुमाल बांधणे पुरेसे नाही.

३. तूस आणि विष्ठा कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडणार नाही.

४. संपर्कानंतर १० दिवस स्वतःकडे लक्ष ठेवा. ताप, खोकला, घसा दुखणे, धाप लागणे किंवा नुसते डोळे लाल होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. तोवर घरच्यांपासून वेगळे राहा.

५. डॉक्टरांनी विचारले नाही तरी "मी पोल्ट्रीत काम करतो" हे पहिले वाक्य सांगा. ते ऐकल्याशिवाय आम्हाला हा साधाच फ्लू वाटू शकतो. नाका-घशातला नमुना योग्य प्रयोगशाळेत गेला तरच निदान होते.

६. ओसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडते. उशीर झाला तरी बर्ड फ्लूच्या संशयात ते दिले जाते. पण मनाने दुकानातून आणून घेऊ नका.

७. दरवर्षीची फ्लूची लस बर्ड फ्लूपासून वाचवत नाही. तरीही घ्या. एकाच माणसात दोन्ही फ्लू एकदम शिरले, तर विषाणूंची सरमिसळ होऊन नवाच विषाणू तयार होऊ शकतो. ही लस ती शक्यता कमी करते.

आणि जे फक्त खाणारे आहेत त्यांना एक विनंती. अफवेवर विश्वास ठेवून चिकन बंद करू नका, त्याने या धंद्यातल्या माणसांचे पोट मारले जाते आणि मालक मरतूक लपवू लागतात. नेहमीचा चिकनवाला खोकत असेल, त्याचे डोळे लाल दिसत असतील, तर दुकान बदलण्याआधी त्याला दवाखान्यात जायला सांगा. तुमच्या ओळखीत कोणी पोल्ट्रीत काम करत असेल, तर वरचे सात मुद्दे त्याला आजच वाचून दाखवा.