रंग पक्का, तरच बाजार पक्का

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे तेरणा साखर कारखान्याचे गाव म्हणून परिचित आहे. जवळचेच तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तगराचे जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. या परिसरात वनस्पतिजन्य रंगकामाचा विचार व्हायचा, तर हा वारसा मोलाचा आहे. मात्र केवळ वारशावर धंदा उभा राहत नाही.

१८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग तयार केला. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. स्वस्ताई आणि दर खेपेस तीच छटा, या दोन गुणांपुढे देशी रंगारी टिकला नाही. पुढे काही ॲझो रंगांतून कर्करोगकारक द्रव्ये सुटत असल्याचे सिद्ध झाले. जर्मनीने १९९४ मध्ये, तर भारताने १९९७ मध्ये अशा रंगांवर बंदी घातली. त्यामुळे नैसर्गिक रंगांकडे पुन्हा लक्ष वळले. जुने दोष मात्र कायम राहिले.

पळसाची फुले, बाभळीची साल, डाळिंबाची टरफले, सणानंतर टाकून दिलेला झेंडू ही सामग्री मराठवाड्याला नवी नाही. अडचण आहे ती रंग टिकवण्याची. हळदीचा पिवळा उन्हात लवकर उडतो. सुती धाग्यावर नुसती तुरटी नीट बसत नाही. आधी हिरड्याचा तुरट अर्क द्यावा लागतो. तुरटीचे प्रमाण अंदाजाने न घेता कापडाच्या वजनावर ठरवावे लागते. रंग पक्का करण्यासाठी क्रोमियमचे क्षार वापरले, तर ‘नैसर्गिक’ या शब्दाला अर्थच उरत नाही.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. उकळणे, रंगवणे, धुणे अशा प्रत्येक टप्प्याला पाणी लागते. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे विसरून चालणार नाही. तुरटीचे व रंगाचे द्रावण पुन्हा वापरणे आणि धुण्याचे पाणी गाळून फिरवणे, ही येथे धंद्याची पहिली अट ठरते.

महिला बचत गटांना प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे वाटून ही अट पूर्ण होणार नाही. वजनकाटा, लेखी कृती आणि धुलाई व उन्हातील रंगाची चाचणी यांची सोय आधी व्हायला हवी. ग्राहक पहिले कापड कौतुकाने घेईल. दुसरे घेईल ते पहिल्याचा रंग टिकला तरच.