पोटातील जंतू आणि दुकानातील पुडी

मनुष्याच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजंतूंची प्रचंड वस्ती असते. त्यांतील बहुतेक आपले शत्रू नव्हेत. धान्ये, डाळी व भाज्या यांतील जो चोथा आपणांस पचत नाही, तो हे जंतू आंबवितात आणि त्यापासून ब्यूटिरिक आम्ल निर्माण करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन तेच होय. दाह आटोक्यात ठेवण्यासही त्याचे साहाय्य होते.

या ज्ञानाच्या आधारावर जिवंत जंतूंच्या पुड्या व गोळ्या यांचा मोठा व्यापार उभा राहिला आहे. निरोगी माणसाने त्या नित्य घ्याव्यात काय? आमच्या मते, तसे करण्यास पुरेसा आधार नाही.

अशा जंतूंत काही गुण नाही, असे मात्र नव्हे. ओडिशातील खेड्यांत ४,५५६ नवजात अर्भकांवर झालेल्या प्रयोगाचा वृत्तांत २०१७ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात 'लॅक्टोबॅसिलस प्लँटारम' या जातीचा एक निवडक वाण व त्यास पोषक अशी शर्करा सात दिवस देण्यात आली. जंतुदोष अथवा मृत्यू यांचे प्रमाण नुसती दिखाऊ पुडी मिळालेल्या अर्भकांत शेकडा ९ होते. जंतू मिळालेल्यांत ते ५.४ भरले. हे यश लहान नव्हे.

उलट, इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या २०१८ सालच्या प्रयोगात, प्रतिजैविक औषधांनंतर ११ वाणांचे मिश्रण घेणाऱ्यांच्या आतड्यांतील मूळची वस्ती पूर्ववत होण्यास, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा अधिक काळ लागला.

तात्पर्य, कोणता वाण, किती प्रमाणात आणि कोणत्या विकारावर, हे सांगितल्यावाचून 'पोटास हितकर' या शब्दांस अर्थ नाही. पुडी घेण्यापूर्वी हे तीन प्रश्न प्रत्येकाने वैद्यास विचारावेत.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१ साली एका लहान गटाने दहा आठवडे दही, केफिर, किमची असे आंबविलेले पदार्थ भरपूर खाल्ले. तेव्हा रक्तातील दाहसूचक अशी १९ प्रथिने घटली. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाने पुडीस लागणारा पैसा प्रथम डाळी, भाज्या व दही यांवर वेचावा. औषध रोग्यासाठी असते, अन्न सर्वांसाठी.