खजिन्याचा डबा आधी बादलीत बुडवा



जिओकॅशिंग हा खेळ तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने एक काळी बादली रानात लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत वही, पेन्सिल आणि काही वस्तू. सापडली तर एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, वहीत नाव लिहायचं. आज जगभर लोक असे डबे लपवतात आणि शोधतात.

आम्ही चौथीच्या वर्गात याची गावठी आवृत्ती केली. मोबाईल नाही. "हापशापासून पूर्वेला वीस पावलं, मग लिंबाकडे तोंड करा" अशा सूचना. दिशा, अंतर, नकाशा हा परिसर अभ्यासातला सगळा भाग त्यात येतो. आवारात चार डबे लपवले.

आमचा भाग बीडकडचा. दिवाळीच्या आसपास वर्गातली काही मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यातल्या एकाने जायच्या आदल्या दिवशी मित्रांसाठी चिठ्ठी लिहून डब्यात टाकली आणि बजावलं, "मी आल्याशिवाय उघडायची नाही." पोरांनी ते पाळलं. मध्ये दोनदा अवकाळी पाऊस झाला. एप्रिलमध्ये तो आला, सगळ्यांनी मिळून डबा काढला, तर आत निळा लगदा. तो मला म्हणाला, "बाई, काय लिहिलं होतं ते आता मलापण आठवंना."

चूक माझी होती. बिस्किटांची प्लास्टिकची बरणी, तिच्यावर कॅरीबॅग, वरून चिकटपट्टीचे चार वेढे. मला वाटलं, झालं काम. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते : हा उपक्रम जरूर करा, पण डबा पावसात टिकतो की नाही हे मुलांनी स्वतः तपासल्याशिवाय कोणाचाही कागद त्यात ठेवू नका. आणि ही तपासणी म्हणजे वेळ वाया घालवणं नाही. मला विचाराल तर या उपक्रमातला सगळ्यात चांगला धडा तोच आहे.

आमची बरणी का फसली ते नंतर मुलांबरोबर शोधलं. दुपारच्या उन्हात डबा तापतो, आतली हवा पसरते आणि थोडी बाहेर जाते. अचानक पाऊस आला की डबा गार होतो, उरलेली हवा आकसते, आणि झाकणाच्या कडेला साचलेलं पाणी आत ओढलं जातं. म्हणजे डबा चक्क पाणी पितो! चिकटपट्टीचा डिंक तर उन्हानेच सुटला होता. वरची कॅरीबॅग आणखी वाईट, कारण तिने आत शिरलेलं पाणी धरून ठेवलं.

तपासणी सोपी आहे. डब्यात कोरडा टिश्यू पेपर ठेवा, झाकण लावा आणि दगडाचं वजन ठेवून रात्रभर बादलीत बुडवा. सकाळी मुलांनीच उघडायचं. त्याच दिवशी दुसरी गंमत करा : बंद डबा कोमट पाण्यात दाबून धरा. आतली हवा तापून पसरते आणि गळती असेल तिथून बुडबुडे येतात. ‘हवा जागा व्यापते’ हे वाक्य मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहिलंय. बुडबुडे बघून पोरं जे ओरडली, तसं फळ्याकडे बघून कधी ओरडली नव्हती.

आमच्याकडे स्टीलचा साधा टिफिन पहिल्याच रात्री नापास झाला. फोटोच्या रोलची जुनी डबी एका पालकाने हौसेने आणून दिली, तीही ओली झाली. औषधाची जाड, आट्यांच्या झाकणाची बाटली टिकली. सगळ्यात चांगला ठरला तो झाकणात रबराची रिंग आणि चार बाजूंना क्लिपा असलेला डबा. ‘टाकाऊतून टिकाऊ’चा हट्ट मलाही आहे, पण एक डबा विकत घ्यावा लागला तर खुशाल घ्या. रिंगेत वाळूचा एक कण किंवा पिशवीचा कोपरा अडकला तरी पाणी शिरतं, एवढं पोरांना दाखवून ठेवा.

कागदाला पेन नको, पेन्सिल हवी. शाई पाण्यात पसरते, शिसपेन्सिलीचं शिसं पाण्यात विरघळत नाही. नव्या बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी आत टाकता येते, पण ती एकदा ओल धरून भरली की निरुपयोगी, आणि मुलांच्या तोंडात जाणार नाही हे बघायला लागतं. तिच्याऐवजी तांदूळ मात्र घालू नका. उंदीर-मुंग्या आधी शोधतील डबा! खाऊही नको, त्याच कारणाने. डबा खड्ड्यात पुरू नका, तिथे पाणी साचतं. दगडांच्या सांदीत तर मुळीच नाही, विंचवाचा भरवसा नाही. आणि त्यावर शाळेचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर कोणीतरी बेवारस वस्तू म्हणून घाबरायचं.

एका सहकाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, एवढा खटाटोप एका चिठ्ठीसाठी?" हो, एका चिठ्ठीसाठीच. सहा महिने वर्गात नसलेल्या मुलाची वर्गात उरलेली ती एकच गोष्ट होती. पालकहो, घरी वह्या-पुस्तकं जाड पिशवीत नीट ठेवता ना? मग हेही तसंच समजा.

यंदा तो पाचवीत आहे. दसऱ्यानंतर पुन्हा जाणार. या वेळी डबा त्याने स्वतः निवडला, दोन रात्री बादलीत ठेवला, दुसऱ्या दिवशी टिश्यू गालाला लावून बघितला. चिठ्ठी पेन्सिलने लिहिलीय, आणि त्यात काय आहे ते मला सांगितलेलं नाही.