दोन बादल्या पाणी

गेल्या रविवारी धारवाडला दादाकडे जेवायला गेलो होतो. पुतणी यंदा सेकंड पीयूला आहे, सायन्स घेऊन. वहिनी तिच्या पांढऱ्या एप्रनला इस्त्री करत होत्या आणि ती रेकॉर्ड बुक पूर्ण करत बसली होती. वहीच्या पहिल्याच पानावर प्रयोगशाळेचे नियम छापलेले होते. मी सहज विचारलं, "डोळ्यात ॲसिड उडालं तर काय करशील गं?"

"सरांना सांगेन," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि दवाखान्यात जायचं. पण काका, हे प्रॅक्टिकलला विचारत नाहीत."

तिला हसलो नाही, कारण तिच्या वयात आम्हीही हेच केलं होतं.

फर्स्ट पीयूला असताना माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, पाण्यात विरघळवत होता. काचेची कांडी जोरात फिरवली आणि एक शिंतोडा डोळ्यात गेला. तो ओरडला. आम्ही चौघं काय केलं? सरांना बोलवायला स्टाफरूमकडे पळालो! एकाने नळ सोडून पाहिला, तर नळ कोरडा. पाण्याचा दिवस नव्हता आणि टाकीही रिकामी होती. त्याला वाचवलं ते प्रयोगशाळेतल्या अटेंडर अण्णांनी. काचसामान धुवायला ते रोज दोन बादल्या भरून ठेवायचे. "नीरु! नीरु!" असं ओरडत ते आले, मित्राचं डोकं सिंकवर आडवं धरलं, बोटांनी पापण्या उघडल्या आणि मगाने सावकाश पाणी ओतत राहिले. सर धावत आले, तेही म्हणाले, आधी पाणी पुरं होऊ दे, मग रिक्षा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पाण्यामुळे डोळा राहिला.

हुबळी-धारवाडला राहणाऱ्याला या गोष्टीतला कोरडा नळ वेगळा समजावून सांगायला नको. मलप्रभेचं पाणी सौंदत्तीच्या धरणातून येतं, पण आपल्या कितीतरी भागांत ते पाच-पाच, आठ-आठ दिवसांनी आलेलं आपण पाहिलंय. पाणी आलं की घरातली घागर, पिंप, पातेली सगळं भरून ठेवायची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. आणि रसायनाच्या अपघातात पहिलं औषध असतं ते वाहतं पाणी. त्यामुळे आपल्या गावात सुरक्षेचा पहिला प्रश्न हाच असायला हवा, की लॅबच्या नळाला आत्ता पाणी आहे का?

हिशेब करून बघू. डोळा धुण्याच्या उपकरणासाठी अमेरिकेतलं जे मानक आहे, त्यात मिनिटाला निदान दीड लिटर पाणी, सलग 15 मिनिटं, असं धरलेलं आहे. म्हणजे साधारण 23 लिटर. एक मोठी बादली भरून वर थोडं. दोन बादल्या भरलेल्या असल्या तर एका माणसाचा डोळा धुता येतो. अण्णांना हे मानक माहीत नव्हतं, पण त्यांच्या बादल्या त्यात बसत होत्या. अंगावर जास्त रसायन सांडलं तर मात्र बादल्या पुरत नाहीत. आपत्कालीन शॉवरला मिनिटाला 75 लिटर लागतात, म्हणजे 15 मिनिटांत हजार लिटरच्या वर. त्यासाठी वरची टाकी भरलेलीच हवी.

आम्हाला ॲसिडची भीती घातली होती, सोड्याची नाही. खरं तर डोळ्यासाठी सोडा जास्त वाईट. ॲसिडने वरचा थर गोठतो आणि पुढची वाट थोडी अडते. अल्कली ऊती विरघळवत आत शिरत जाते. म्हणून वेळ महत्त्वाची. ॲसिडवर सोडा आणि सोड्यावर ॲसिड लावून 'मारायचं' हा हुशारपणा त्वचेवर किंवा डोळ्यात कधी करायचा नाही. त्या क्रियेत उष्णता निघते आणि जखम वाढते. फक्त पाणी, भरपूर आणि सावकाश. लेन्स असेल तर धुता धुता काढायची.

कपड्यांवर सांडलं तर ते कपडे लगेच उतरवायचे. इथे मुली लाजतात, मुलगेही लाजतात, आणि त्यात मिनिटं जातात. बाकीच्यांनी पाठ फिरवायची, दोघींनी एप्रन आडवा धरायचा. हे आधी बोलून ठेवलेलं असलं तर त्या वेळी कोणी घुटमळत नाही.

आता वहीतले नियम. ते पाठ होत नाहीत कारण त्यांच्यामागचं कारण कोणी सांगत नाही. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. का? तीव्र सल्फ्युरिक ॲसिड पाण्याच्या पावणेदोनपटीहून जास्त जड असतं. वरून ओतलेलं पाणी त्यावर तरंगतं, तिथल्या तिथे उकळतं आणि ॲसिड घेऊन तोंडावर उडतं. पिपेट तोंडाने ओढायची नाही. का? द्रवाची पातळी खाली गेली की हवा आत येते आणि एका झटक्यात द्रव तोंडात येतो. आपण टायट्रेशनला वापरतो ते ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. रबरी बल्ब स्वस्त असतो, तरी तोंडाने ओढणं अजून अनेक ठिकाणी चालतं.

सॉल्ट ॲनालिसिसमधला हायड्रोजन सल्फाइड तर फसवा. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर आपण नाक मुरडतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. म्हणून तो प्रयोग फ्यूम कपाटातच, आणि त्याचा पंखा चालू आहे का ते आधी पाहून. स्पिरिटचा दिवा पेटता असताना त्यात स्पिरिट भरायचं नाही, कारण त्याची ज्योत उजेडात नीट दिसत नाही आणि बाटलीपर्यंत पोचते. सोडियम धातूची आग लागली तर मात्र पाणी नको, कोरडी वाळू. म्हणून बादल्यांशेजारी वाळूचीही एक बादली हवी.

हे सगळं फक्त शिकाऊ मुलांसाठी आहे असं कोणी समजू नये. 29 डिसेंबर 2008 ला लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात 23 वर्षांची एक संशोधन सहायक हवेत आपोआप पेटणारं रसायन सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला आणि आग लागली. अंगात सिंथेटिक स्वेटर होता, एप्रन नव्हता. आपत्कालीन शॉवर त्याच खोलीत होता, पण त्या गडबडीत तो वापरला गेला नाही. 18 दिवसांनी ती गेली. बरोबर एका वर्षाने, 29 डिसेंबर 2009 ला, आपल्या मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक मरण पावले. 5 डिसेंबर 2018 ला बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत हायड्रोजनच्या सिलिंडरचा स्फोट होऊन एक संशोधक गेला आणि तिघे जखमी झाले. ही नामवंत ठिकाणं, शिकलेली माणसं.

यूसीएलएचा तो शॉवर माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या कामात आम्ही डेटाचा बॅकअप घेतो. पण जो बॅकअप कधी परत चढवून पाहिला नाही, त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. शॉवरचंही तसंच. तो भिंतीवर असून उपयोग नाही, मुलांनी त्याखाली एकदा तरी उभं राहिलेलं असायला हवं. डोळे मिटून नळापर्यंत पोचता येतं का, हे प्रत्येकाने टर्मच्या पहिल्या दिवशी करून बघावं. डोळ्यात काही गेलं तर डोळे मिटलेलेच असणार ना!

बाकीचं थोडक्यात. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही, वाऱ्याने आग वाढते. जमिनीवर लोळायचं, शॉवर दोन पावलांवर असेल तर त्याखाली जायचं. पोटात रसायन गेलं तर उलटी करवायची नाही, वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. दवाखान्यात जाताना बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो बरोबर न्यायचा, म्हणजे डॉक्टरांना अंदाज बांधत बसावं लागत नाही. 112 आणि 108 हे नंबर दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेले हवेत. आणि एक जण फोन करेल, एक सरांना बोलवेल, एक जण पाणी ओतत राहील, हे आधी ठरलेलं हवं. आम्ही चौघंही सरांकडेच पळालो होतो.

आईबाबांनो, पुढच्या पालकसभेला मार्कांबरोबर तीन गोष्टी जरूर विचारा. लॅबच्या नळाला प्रॅक्टिकलच्या वेळी पाणी असतं का? सगळ्या मुलांना पुरतील इतके चष्मे आणि पिपेटचे बल्ब आहेत का? सराव शेवटचा कधी घेतला? भांडायला जाऊ नका, मदतीला जा. दोन बादल्या आणि मग यांना खर्च किती येतो? आणि घरीही पाहा. बाथरूम धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केली तर क्लोरीन वायू निघतो. ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर आजच मोडा.

परवा पुतणीचा फोन आला. "काका, आमच्या लॅबमध्ये दोन नळ आहेत, त्यातला एक बंदच आहे. मी सरांना सांगितलं."

"मग?"

"सर म्हणाले, दुरुस्त होईपर्यंत दोन बादल्या भरून ठेवू. आणि उद्या डोळे मिटून नळापर्यंत चालायची शर्यत आहे."

तिला म्हटलं, या शर्यतीत पहिली आलीस तर पेढा माझ्याकडून.