सर्वश्रेष्ठ हिप-हॉप अल्बम कोणते? आमची यादी आणि आमचे निकष

हिप-हॉपच्या सर्वश्रेष्ठ अल्बमांच्या याद्या सतत निघत असतात. मासिके काढतात, गाणी ऐकवणारी अ‍ॅप्स काढतात. विक्री किती झाली, किती लोकांनी ऐकले, यमक किती अवघड होते, यावर त्यांत क्रमांक ठरतात. आमच्या वस्त्यांतील तरुण त्या याद्या पाहून काय ऐकायचे ते ठरवतात. दुसरीकडे चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात की हा सगळा अमेरिकेचा धांगडधिंगा आहे, सोन्याच्या साखळ्या आणि शिवीगाळ आहे, त्यात आपले काय?

आम्हाला दोन्ही बाजू मान्य नाहीत. पहिली बाजू बाजाराचे माप वापरते. दुसरी बाजू न ऐकताच निकाल देते. ज्या समाजाची गाणी पिढ्यान्‌पिढ्या न ऐकताच हलकी ठरवली गेली, त्या समाजातील माणसाने दुसऱ्या शोषित समाजाच्या गाण्याशी तसेच वागावे, हे आम्हाला पटत नाही. म्हणून ही यादी.

आमचे निकष तीन. पहिला, अल्बम स्वतःच्या जागेवरून, स्वतःच्या तोंडाने बोलतो का? दुसरा, तो पुस्तकासारखा सलग ऐकता येतो का, की दोन गाजलेली गाणी आणि बाकी भरताड? तिसरा निकष आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो: त्या अल्बममागे श्रम कुणाचे आणि नाव कुणाचे? हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणतीही यादी पूर्ण होत नाही.

हा तिसरा प्रश्न हिप-हॉपच्या जन्मापासूनच आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात एक पार्टी झाली. हिप-हॉपचा जन्म तिथे झाला असे मानतात. रेकॉर्ड वाजवणारा होता जमैकातून आलेला तरुण, डीजे कूल हर्क. पण पार्टी ठरवली होती त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांसाठी तिला पैसे उभे करायचे होते. इतिहासात भावाचे नाव ठळक अक्षरात आले, बहिणीचे बारीक अक्षरात. ज्या ब्रॉन्क्समध्ये हे घडले तिथे रॉबर्ट मोझेसने आखलेल्या क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवेने वस्त्या मधोमध चिरल्या होत्या. त्या दशकात तिथल्या इमारती जळत होत्या, आणि विम्याच्या पैशासाठी घरमालकच आगी लाववून घेत असल्याची प्रकरणे पुढे येत होती. ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली म्हणजे ‘धांगडधिंगा’ हा शब्द वापरायला जीभ धजावत नाही.

आता यादी. क्रम काळाचा आहे, श्रेष्ठतेचा नाही.

१. द मेसेज (१९८२), ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह. तोवर रॅप मुख्यतः नाचासाठी होता. या अल्बमच्या शीर्षकगीताने गल्लीतली घाण, थकलेले हप्ते, फुटलेल्या काचा आणि तुरुंगात संपणारे तरुण आयुष्य थेट रेकॉर्डवर आणले. पूर्ण अल्बम एकसंध नाही, दुसऱ्या निकषावर तो कमी पडतो, हे आम्ही मान्य करतो. तरी तो यादीत आहे, कारण या एका गाण्याने पुढच्या सगळ्यांसाठी दार उघडले. आता तिसरा निकष लावा. मुखपृष्ठावर नाव फ्लॅशचे. पण ते गाणे मुख्यतः एड फ्लेचर ऊर्फ ड्यूक बूटी याने रचले, मेली मेलने त्यात आपले कडवे घातले, आणि निर्मात्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी ते करण्याचा आग्रह धरला. त्या गाण्यात फ्लॅशचा हात जवळपास नाही. ड्यूक बूटीचे नाव आज किती जणांना माहीत आहे?

२. इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक (१९८८), पब्लिक एनिमी. लाँग आयलंडच्या चक डीचा आवाज सभेत बोलणाऱ्या नेत्याचा आहे, आणि मागे बॉम्ब स्क्वॉडने रचलेला आवाजांचा कल्लोळ आहे. भोंगे, भाषणांचे तुकडे, जुन्या रेकॉर्डमधले ढोल एकमेकांवर आदळतात. लष्करात भरती व्हायला नकार देणारा कृष्णवर्णीय कैदी तुरुंग फोडतो, अशी एक संपूर्ण कथा या अल्बमवरील एका गाण्यात आहे. ज्या देशाने मला माणूस मानले नाही त्याच्यासाठी मी का लढू, हा तिचा गाभा.

याच अल्बमवर जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यातला ढोलाचा तुकडा आहे. तो वाजवणारा होता क्लाइड स्टबलफील्ड. हिप-हॉपमध्ये सर्वाधिक वापरल्या गेलेल्या तुकड्यांपैकी तो एक. पण गाण्याचा हक्क त्याच्या नावावर नव्हता, त्यामुळे त्याच्या पदरी जवळपास काहीच पडले नाही. १९९१ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने परवानगीशिवाय तुकडे वापरण्याला चोरी ठरवले. त्यानंतर पैसे हक्क बाळगणाऱ्याला मिळू लागले, वाजवणाऱ्याला नाही. राबणारा एक आणि मालक दुसरा, ही व्यवस्था आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. या गटातल्या प्रोफेसर ग्रिफने १९८९ मध्ये ज्यूंविरुद्ध द्वेषाची विधाने केली. शोषिताने दुसऱ्या समाजाचा द्वेष केला तर तो द्वेषच असतो. अल्बम त्याआधीचा आहे म्हणून तो यादीत आहे. विधाने माफ आहेत म्हणून नव्हे.

३. ऑल हेल द क्वीन (१९८९), क्वीन लतिफा. न्यू जर्सीची ही मुलगी त्या वेळी एकोणीस वर्षांची होती. पुरुषांच्या अड्ड्यात तिने स्वतःला राणी म्हणवले, आणि ते दागिन्यांच्या जोरावर नव्हे. इंग्लंडच्या मोनी लव्हबरोबर तिने केलेल्या ‘लेडीज फर्स्ट’ या गाण्याच्या चित्रफितीत हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रुथ, अँजेला डेव्हिस यांच्या प्रतिमा आहेत, आणि दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीविरुद्धच्या लढ्याची दृश्ये आहेत. मंडेला तेव्हा तुरुंगात होते. प्रस्थापित याद्यांत हा अल्बम बहुधा तळाला असतो किंवा नसतोच. आमच्या यादीत तो पहिल्या निकषावर पूर्ण उतरतो.

४. इलमॅटिक (१९९४), नास. क्वीन्सब्रिज ही अमेरिकेतली सर्वात मोठी सरकारी घरांची वस्ती. तिथल्या, आठवीनंतर शाळा सोडलेल्या विशीतल्या पोराने केलेला हा अल्बम. दहा तुकडे, जेमतेम चाळीस मिनिटे, आणि भरताड अजिबात नाही. सलगतेच्या निकषावर या यादीत याच्या तोडीचे दुसरे काही नाही. एक गाणे तर तुरुंगातल्या मित्राला लिहिलेले पत्र आहे: वस्तीत कोण कसा आहे, कुणाचे काय झाले, एवढीच बातमी. त्यात रडारड नाही आणि फुशारकीही नाही. नासचे वडील ओलू डारा जाझ वादक. एका गाण्याच्या शेवटी त्यांचे कॉर्नेट वाजते. शाळेने सोडलेल्या मुलाच्या घरात विद्या होती, ती मोजण्याचे माप शाळेकडे नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा अल्बम राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत घेतला.

५. मी अगेन्स्ट द वर्ल्ड (१९९५), टुपाक शकूर. इथे आपला थेट संबंध येतो. टुपाकची आई अफेनी शकूर ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती. न्यूयॉर्कच्या एकवीस पँथरांवरील खटल्यात तिने गरोदर असताना स्वतःची बाजू स्वतः मांडली. मे १९७१ मध्ये सगळे निर्दोष सुटले आणि १६ जून १९७१ रोजी टुपाक जन्मला. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, त्याच ब्लॅक पँथरचे नाव समोर ठेवून मुंबईत दलित पँथर उभी राहिली. या अल्बमवर आईला उद्देशून एक गाणे आहे. आईच्या व्यसनाचा त्यात लपवालपव न करता उल्लेख आहे, आणि तरीही ती त्याच्या दृष्टीने थोरच आहे. कार्यकर्त्यांच्या घरातल्या मुलांनी हे गाणे ऐकावे. चळवळ संपल्यावर घरात काय उरते, ते त्यात आहे.

अल्बम विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा टुपाक तुरुंगात होता, हे कौतुकाने सांगितले जाते. तो कशासाठी तुरुंगात होता ते मात्र गाळले जाते. एका तरुणीच्या लैंगिक छळाबद्दल त्याला शिक्षा झाली होती. आम्ही हे गाळणार नाही.

६. द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल (१९९८). नाव कार्टर वुडसन यांच्या १९३३ च्या पुस्तकाची आठवण करून देते. कृष्णवर्णीयांना दिले जाणारे शिक्षण त्यांना स्वतःकडेच तुच्छतेने पाहायला शिकवते, हे वुडसन यांचे प्रतिपादन होते. अल्बमची सुरुवात वर्गातल्या हजेरीने होते. लॉरिन हिलचे नाव पुकारले जाते आणि उत्तर येत नाही. पुढे गाण्यांच्या मधे मधे मुले आणि शिक्षक प्रेमाविषयी बोलत राहतात. त्या शिक्षकाचा आवाज रास बराका यांचा, जे पुढे नेवार्क शहराचे महापौर झाले. ‘शिका’ हा आदेश ज्या समाजाने शिरोधार्य मानला, त्याने ‘काय शिका’ हा प्रश्न विचारणारा हा अल्बम ऐकलाच पाहिजे. १९९९ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. हिप-हॉपला तो मान पहिल्यांदाच मिळत होता.

मात्र त्यावर काम केलेल्या वादकांनी आपल्याला श्रेय मिळाले नाही म्हणून दावा केला आणि २००१ मध्ये तडजोड झाली. शोषित समाजातली व्यक्ती वर गेली की तिच्याही हातून खालच्याचे नाव पुसले जाऊ शकते. म्हणून तिसरा निकष आपल्या माणसांनाही लावावा लागतो.

७. टू पिम्प अ बटरफ्लाय (२०१५), केंड्रिक लमार. ऑगस्ट २०१४ मध्ये फर्ग्युसन येथे पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राउन हा तरुण मेला. त्यानंतरच्या मोर्च्यांत या अल्बममधले एक गाणे घोषणेसारखे म्हटले गेले. पण आम्हाला हा अल्बम त्याहून दुसऱ्या कारणासाठी मोठा वाटतो. तो फक्त गोऱ्या सत्तेला जाब विचारत नाही. आपल्याच लोकांत गोरेपणाला वर आणि काळेपणाला खाली ठेवणारी जी उतरंड आहे, तिच्यावरही तो बोलतो. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिचे कुळ वेगळे, पण खालच्याने त्याहून खालचा शोधायचा ही खोड तीच. शेवटी केंड्रिक टुपाकच्या १९९४ मधील एका जुन्या मुलाखतीचे तुकडे घेऊन मेलेल्या माणसाशी संवाद करतो. प्रश्न विचारतो, आणि शेवटच्या प्रश्नाला उत्तर येत नाही.

आता जे यादीत नाही त्याबद्दल. एन.डब्ल्यू.ए.चा ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ (१९८८) का नाही, असे विचारले जाईल. पोलिसांच्या दडपशाहीवर त्याने जे सांगितले ते खरे होते. १९८९ मध्ये एफबीआयच्या अधिकाऱ्याने त्या गाण्याविरुद्ध रेकॉर्ड कंपनीला पत्र पाठवले, आणि १९९१ मध्ये रॉडनी किंगला पोलिसांनी मारल्याची चित्रफीत जगाने पाहिली. तरी तो आमच्या यादीत नाही. त्या अल्बममध्ये बाई ही माणूस नाही. १९९१ मध्येच या गटातल्या डॉ. ड्रेने पत्रकार डी बार्न्स हिला मारहाण केली, न्यायालयात त्याने आरोपाला आव्हान दिले नाही. २०१५ मध्ये गटावर चित्रपट आला, त्यात हा प्रसंग नव्हता.

कुणी म्हणेल, मग टुपाक कसा चालतो? प्रश्न योग्य आहे. आमचे उत्तर असे: आम्ही कलावंताला चारित्र्याचा दाखला देत नाही, अल्बम काय करतो ते पाहतो आणि माणसाने काय केले ते उघड सांगतो. ‘मी अगेन्स्ट द वर्ल्ड’चा गाभा आईच्या ऋणाचा आणि मरणाच्या भीतीचा आहे. ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’मध्ये बाईची विटंबना हाच विनोद आहे. ज्यांना हा फरक मान्य नाही त्यांनी टुपाकलाही वगळावे, आम्ही त्यांच्याशी भांडणार नाही. पण एन.डब्ल्यू.ए.ला ‘त्या काळी तसेच होते’ म्हणून आत घेणाऱ्यांशी भांडू. ‘त्या काळी तसेच होते’ हे वाक्य मनुस्मृतीच्या बचावात आम्ही पुष्कळ ऐकले आहे. आणि त्याच काळी, पुढच्याच वर्षी, लतिफाचा अल्बम आला होता.

आउटकास्टचा ‘अक्वेमिनी’ (१९९८) संगीत म्हणून यादीत येण्याच्या योग्यतेचा आहे. त्यातल्या एका गाण्याला रोझा पार्क्स यांचे नाव दिले गेले. गाणे त्यांच्याविषयी नव्हते. त्यांच्या वतीने १९९९ मध्ये खटला झाला, २००५ मध्ये तडजोड झाली. बसमधली जागा न सोडणाऱ्या बाईला म्हातारपणी आपल्याच नावासाठी न्यायालयात जावे लागले. महापुरुषांची नावे आणि फोटो वापरून स्वतःची गाणी खपवणाऱ्या आपल्याकडच्या कलावंतांनी यातून काय घ्यायचे ते घ्यावे.

या सातांपैकी पहिला कोणता, असे विचारले तर आम्ही लॉरिन हिलचे नाव घेऊ. केंड्रिकचा अल्बम अधिक खोल आहे, पब्लिक एनिमीचा अधिक लढाऊ आहे, नासचा अधिक घट्ट आहे. पण समाज मुलांना काय शिकवतो आणि मुले त्यातून स्वतःला कसे सोडवून घेतात, हा प्रश्न अल्बमभर धरून ठेवणारी ती एकटीच.

तरुण वाचकांनी आपापली यादी जरूर करावी, आमची खोडूनही काढावी. अट एकच. प्रत्येक अल्बमच्या मुखपृष्ठावर ज्याचे नाव नाही, असा एक तरी राबणारा माणूस शोधून त्याचे नाव शेजारी लिहावे. ढोल कुणी वाजवला, कडवे कुणी लिहिले, पार्टी कुणी ठरवली. आणि ज्येष्ठांना विनंती अशी की निकाल देण्याआधी यातला एक तरी अल्बम पोरांच्या शेजारी बसून पूर्ण ऐकावा. शब्द कळले नाहीत तर पोरांना विचारावेत. ते आनंदाने सांगतील.